१८६८ साली काळ्या पाण्यावर गेलेला माणूस तिथे कसा जगला असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे खापरपणजोबा सातारा जिल्ह्यातले. बांधावरून झालेल्या मारामारीत एक माणूस मेला आणि १८६८ च्या सुमारास त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते परत आले नाहीत, एवढंच घरात सांगतात. तुम्ही मुलांना घेऊन अंदमानला गेलात, सेल्युलर जेलच्या भिंतीवरच्या नावांत त्यांचं नाव शोधलंत आणि ते सापडलं नाही. आता तुम्ही विचारता: त्यांनी कोठडीत किती वर्षं काढली असतील, कोलू (तेलाचा घाणा) ओढला असेल का, आणि तिथे दुसरा संसार केला असेल का?

मी बरीच वर्षं न्यायखात्याची जुनी दफ्तरं वाचतो, मोडीतली आणि इंग्रजीतलीही. असे प्रश्न घेऊन येणारी बहुतेक कुटुंबं सेल्युलर जेलपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. त्या इमारतीचं काम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ साली संपलं. तुमचे खापरपणजोबा अंदमानात उतरले तेव्हा त्या टेकडीवर तुरुंगाची एक वीटही नव्हती. भिंतीवरची नावं राजबंद्यांची आहेत, आणि तीही पुढच्या काळातली. आपल्या मनात अंदमान सुरू होतं ते १९११ साली, सावरकर तिथे उतरले तेव्हापासून. त्या दिवशी कैद्यांची ती वसाहत त्रेपन्न वर्षांची झाली होती. १९०१ च्या खानेसुमारीत तिथे बारा हजारांच्या आसपास कैदी होते. त्यांतले बहुतेक खून, दरोडा, विषप्रयोग अशा गुन्ह्यांचे साधे शेतकरी, मजूर, शिपाई, गुराखी. त्यांच्यासाठी कुणी संगमरवरी पाटी लावलेली नाही. तुमचा माणूस त्या गर्दीतला आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. त्यांनी कोठडीत किती वर्षं काढली, यापेक्षा ते पहिली दोन-तीन वर्षं जगले का, हे आधी पाहावं लागतं. ती वर्षं ज्याने काढली त्याचं पुढचं आयुष्य बरंचसं उघड्यावर, बराकीत, शेतात आणि कदाचित स्वतःच्या झोपडीत गेलं. नेमकं काय झालं ते शिक्षेचं साल, त्यांचं वय, गुन्ह्याचं कलम, वागणूक, लिहिता-वाचता येत होतं की नाही, अशा कितीतरी गोष्टींवर अवलंबून आहे. त्यांतलं साल सगळ्यांत महत्त्वाचं.

सालाला एवढं महत्त्व का, ते सांगतो. हीच शिक्षा १८३० साली झाली असती तर मुंबई इलाख्याचा कैदी अंदमानला गेलाच नसता. तो सिंगापूर, मलाक्का, पिनांग इथे गेला असता, किंवा मॉरिशसला. मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबईहून मिळून सुमारे दीड हजार कैदी गेले. त्यांनी तिथले रस्ते बांधले. चार्ल्स डार्विन १८३६ साली त्या बेटावर उतरला तेव्हा त्याने या हिंदी कैद्यांना काम करताना पाहिलं आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांविषयी आदराने लिहून ठेवलं. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज चर्च हिंदी कैद्यांच्या मजुरीतून उभं राहिलं. तिथली पद्धत अशी होती की जुन्या कैद्यांनाच नव्या कैद्यांवर पहारेकरी म्हणून नेमलं जायचं. अंदमानने पुढे हीच पद्धत उचलली. तेव्हा तुमच्या घरातल्या सांगण्यात साल दहा-पंधरा वर्षांनी मागे-पुढे झालं असेल तर माणूस वेगळ्याच समुद्रात शोधावा लागेल.

आणि १८५८ साली शिक्षा झाली असती तर? १० मार्च १८५८ रोजी वसाहतीचा प्रमुख म्हणून नेमलेला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरच्या खाडीत आला. बहुतेक जण सत्तावन्नच्या उठावातले. आधी चॅथम बेट, मग पाण्यावाचून तिथे भागेना म्हणून रॉस. जूनच्या मध्यापर्यंत एकूण ७७३ कैदी उतरले होते. त्यांतले ६४ इस्पितळात मेले, १४० पळून गेले ते परत सापडले नाहीत, एकाने जीव दिला आणि पळण्याच्या गुन्ह्यासाठी ८७ जणांना वॉकरने फाशी दिलं. उरले ४८१. हे सगळं तीन महिन्यांतलं! तुमचे खापरपणजोबा दहा वर्षांनी गेले. ती दहा वर्षं त्यांच्या बाजूने होती. जंगल थोडं मागे हटलं होतं, बराकी उभ्या राहिल्या होत्या, इस्पितळ होतं, आणि कैदी मेला तर सरकारचा मजूर कमी होतो हा हिशोब अधिकाऱ्यांना कळला होता.

आता साताऱ्यापासून सुरुवात करू. १८६२ च्या १ जानेवारीपासून भारतीय दंडसंहिता लागू झाली होती, त्यामुळे खटला सेशन्स कोर्टात तिच्या कलमांखाली चालला असणार. मारामारीत माणूस मेला तर फाशी किंवा जन्माचं काळं पाणी, किंवा सदोष मनुष्यवध ठरवून कमी शिक्षा, असे तिन्ही रस्ते जजासमोर खुले होते. फाशीची शिक्षा हायकोर्टात सौम्य होऊन काळं पाणी मिळालेली प्रकरणंही भरपूर आहेत. त्या संहितेत शिक्षेचे भाग पाडण्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरावी असं कलम होतं, पण याचा अर्थ वीस वर्षांनी कैदी सुटतो असा नव्हता.

शिक्षेनंतर त्यांचं वर्णनपत्रक तयार झालं. नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, धंदा, गाव, कोर्ट, कलम, शिक्षेची तारीख. त्या माणसाविषयी सरकारने एवढ्या बारकाईने आयुष्यात फक्त एकदाच लिहिलं. डाव्या भुवईवरचा व्रण, टोचलेले कान, करंगळीचं तुटलेलं पेर. खापरपणजोबांचं छायाचित्र मिळणं जवळजवळ अशक्य आहे, पण हे पत्रक मिळालं तर चेहऱ्याच्या बरंच जवळ जाता येतं. कित्येक लोक ते वाचताना गप्प होतात, कारण उंची किंवा जन्मखूण घरातल्या कुणाशी तरी जुळते.

पुढचा टप्पा ठाणे. साताऱ्याहून पुण्यापर्यंत बेड्या घालून चालत, आणि बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली होती म्हणून पुढे बहुधा गाडीने. ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जहाजाची वाट पाहत कैदी थांबत. पंजाबातले कैदीसुद्धा कराचीमार्गे इथे येत. वहाबी खटल्यातले (इंग्रजांविरुद्धच्या कटाचा खटला) मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी याच तुरुंगातून निघून मुंबईच्या बंदरात जहाजावर चढले आणि जानेवारी १८६६ मध्ये अंदमानला पोचले. त्यांनी सुटल्यावर उर्दूत आठवणी लिहिल्या, म्हणून त्यांचा रस्ता आपल्याला कळतो. वासुदेव बळवंत फडके यांनाही १८८० च्या जानेवारीत ठाण्याहूनच हलवलं, पण अंदमानला नाही, एडनला. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. त्यांनी तिथल्या कोठडीचं दार उचकटून पळण्याचा प्रयत्न केला, ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. म्हणजे ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमानच, असंही गृहीत धरू नका. साधा खुनाचा कैदी १८६८ साली बहुधा अंदमानलाच गेला असेल, पण कागद पाहिल्याशिवाय मी ते पक्कं म्हणणार नाही.

जहाजावरचा सुमारे महिनाभराचा प्रवास हा घाटावरच्या शेतकऱ्याला सगळ्या शिक्षेतला सर्वांत भयंकर भाग वाटला असावा. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र ओलांडला की जात गेली, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तळघरात साखळीला बांधून झोपायचं, तिथेच सगळ्या जातींच्या माणसांना उलट्या, तिथेच पाण्याचं एकच पिंप. शिजलेलं अन्न कुणाच्या हातचं, हा प्रश्न असल्याने अनेक जण चणे, पोहे, गूळ अशा कोरड्या शिध्यावर प्रवास काढत. हे हट्टीपणाचं होतं असं आज कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. जमीन, बायको, पोरं, गाव सगळं गेलं होतं. परत आलो तर पंक्तीत बसता यावं, एवढाच एक धागा त्याच्या हातात होता आणि तो त्याने घट्ट धरला होता.

उतरल्यावर त्याला नंबर मिळाला. पुढची सगळी वर्षं सरकारी कागदात तो त्या नंबरानेच भेटतो. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख. पायात बेडी. राहायला बराक. बराकीत रात्री कुलूप आणि कैद्यांतूनच नेमलेले पहारेकरी. हे टिंडाल आणि जमादार काल-परवापर्यंत बिल्लेवालेच होते आणि कैद्याचं रोजचं सुखदुःख गोऱ्या साहेबापेक्षा यांच्याच हातात असे. काम म्हणजे जंगल तोडणं, दलदल भरणं, दगड फोडणं, विटा पाडणं, ओंडके ओढणं, नारळाची लागवड, रस्ते. रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) वडाच्या मुळांत अडकलेल्या ज्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील, त्या या माणसांच्या हातच्या. तुम्ही सेल्युलर जेलच्या भिंतीवर जे शोधत होता, त्याच्या जवळचं काही असेल तर ते रॉसच्या भिंतींत आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिथे जास्त वेळ थांबा.

मारत काय होतं? फटके आणि फाशीपेक्षा पाऊस आणि ताप. साताऱ्याचा पूर्व भाग दुष्काळी. तिथला माणूस वर्षाचे सात-आठ महिने ओल्या कपड्यांत दलदलीत उभा राहिला की हिवताप, आमांश, पायाला न भरणाऱ्या जखमा हे ठरलेलंच. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्याला भात आणि परका शिधा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोलायला माणूस नाही. अंदमानात सगळ्यांची मिळून हिंदुस्थानी बोली चाले. पंजाबी, बंगाली, तेलुगू, ब्रह्मी लोकांत मराठी बोलणारा एखादाच. थानेसरींसारख्या लिहित्या-वाचत्या माणसाला उतरताच मुन्शीचं काम मिळालं. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला कुदळ मिळाली.

आता वसाहतीच्या चढणीविषयी, कारण तुमच्या बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. कैद्यांचे वर्ग पाडलेले असत. नीट वागला तर वरच्या वर्गात, बेडी निघे, हलकं काम, महिन्याला थोडे आणे. चुकला तर खाली, व्हायपर बेटावर साखळदंडाच्या टोळीत. शतकाच्या अखेरीला हे नियम अगदी पक्के झाले होते: पहिले सहा महिने कोठडी, मग दीड वर्ष सामुदायिक तुरुंग, मग तीन वर्षं बराकीत सक्तमजुरी, पुढची पाच वर्षं थोडी हलकी मजुरी, आणि अशी दहा वर्षं भरली की ‘तिकीट’. तिकीट मिळालेला कैदी बराकीबाहेर खेड्यात राही, जमीन कसे, गुरं पाळी, स्वतःचं अन्न स्वतः कमावी. वसाहत मात्र सोडता येत नसे. वीस-पंचवीस वर्षं भरल्यावर सुटकेचा विचार होई. १८६८ साली नियम इतके आखीव नव्हते, तिकीट कधी लवकरही मिळे, आणि १८७० नंतर ते हळूहळू आवळत गेले. पण चढण तीच होती.

आवळण्याचं एक मोठं कारण तुमच्या खापरपणजोबांच्या डोळ्यांदेखत घडलं असेल. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी संध्याकाळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून (आताचं माउंट मणिपूर) उतरून होपटाउनच्या धक्क्यावर आला. तिथे शेर अली नावाच्या पठाण कैद्याने त्याला सुरीने भोसकून मारलं. शेर अली चांगल्या वागणुकीमुळे न्हाव्याचं काम करत मोकळा फिरणारा कैदी होता. त्याला महिनाभरात व्हायपर बेटावर फाशी दिलं. त्यानंतर प्रत्येक मोकळ्या कैद्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. तुमचा माणूस त्या वेळी तीन-चार वर्षांचा जुना कैदी असणार, म्हणजे नुकतीच कुठे बेडी सुटण्याच्या बेतात.

सेल्युलर जेल का बांधलं, तेही याच चढणीत दडलंय. १८९० साली लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली. हिंदुस्थानातल्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा कैद्यांना अंदमान परवडतं, असं त्यांचं मत पडलं. म्हणून सुरुवातीलाच एकांत कोठडीचा कडक टप्पा असावा अशी शिफारस झाली आणि ती इमारत आली. कोलूची जी चित्रं तुमच्या मनात आहेत ती त्या इमारतीतली. खापरपणजोबांनी तो कोलू बहुधा पाहिलाही नसेल.

पळाले असतील का? पहिल्या वर्षांत पुष्कळ जण पळाले. पलीकडे ब्रह्मदेश जवळच आहे, कुणी राजा आश्रय देतो, अशा समजुती कैद्यांत पसरलेल्या होत्या. तराफे बांधून निघालेले समुद्रात गेले, जंगलात शिरलेले उपासाने किंवा मूळ रहिवाशांच्या बाणांनी मेले. त्या लोकांच्या जमिनीत हे सगळं चाललं होतं, हेही विसरू नये. दूधनाथ तिवारी नावाचा कैदी १८५८ साली पळून वर्षभर त्यांच्यात राहिला, त्याने तिथे लग्न केलं, आणि १८५९ च्या मे महिन्यात त्यांच्या हल्ल्याची खबर घेऊन इंग्रजांकडे परतला. त्याला माफी मिळाली. अशी उदाहरणं विरळा. ‘परत आले नाहीत’ याचा अर्थ ‘पळाले’ असा लावण्यापूर्वी कागद पाहावेत.

दुसऱ्या संसाराचा प्रश्न तुम्ही संकोचाने विचारलाय, पण तो रास्त आहे. तिकीट मिळालेल्या कैद्याला दोन वाटा होत्या. गावाहून बायको-मुलांना बोलावण्याचा अर्ज करायचा, किंवा स्त्री-कैद्यांपैकी कुणाशी लग्न करायचं. पहिली वाट कागदावर होती, पण आलेल्या बायका थोड्या. माहेर-सासर कुणी पाठवणार नाही, आणि समुद्र ओलांडायचा तो सुटका नसलेल्या नवऱ्यासाठी. दुसरी वाट म्हणजे साउथ पॉइंटच्या स्त्रियांच्या तुरुंगात जाऊन, अधिकाऱ्याच्या परवानगीने, दोघांच्या संमतीने लग्न. बाईला साधारण पाच वर्षं तुरुंगात काढल्यावर ही मुभा मिळे. बायकांची संख्या हजाराच्या आत आणि पुरुष दहा-बारा हजार, त्यामुळे बहुतेक पुरुष एकटेच राहिले आणि एकटेच मेले.

या बायका कोण होत्या, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अनेक जणी तान्ह्या बाळाच्या हत्येसाठी आलेल्या विधवा. पुण्यातली काशीबाई त्यांतलीच. ही ब्राह्मण विधवा गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला होती, एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस गेले, बाळ झालं ते तिने मारून विहिरीत टाकलं आणि तिला जन्माचं काळं पाणी झालं. जोतीराव फुल्यांनी १८८४ साली बालविवाह आणि वैधव्यावर मत देताना तिची हकिगत लिहिली. अशा बायकांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. काशीबाई गेली आणि शास्त्री इथेच राहिला. तुमच्या खापरपणजोबांनी तिथे कुणा बाईशी संसार मांडला असेल, तर ती अशाच कुठल्या तरी घरातून हाकललेली बाई असण्याची शक्यता बरीच आहे. तिचाही शोध घ्या, एवढीच माझी विनंती.

अशा लग्नांतली मुलं कैदी नव्हती. ती तिथेच वाढली, शाळेत गेली, सरकारी नोकरीत लागली. आईबापांच्या जाती आणि प्रांत वेगवेगळे, त्यामुळे त्यांच्यात हिंदुस्थानी बोलणारा एक नवाच समाज तयार झाला. आज त्यांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. सुटका मिळूनही बाप परतले नाहीत त्याचं कारण पुष्कळदा ही मुलं. वेगळ्या जातीची बायको आणि तिची पोरं घेऊन साताऱ्याच्या गावात कुठल्या घरी उतरायचं? थानेसरी मात्र १८८३ साली सुटले तेव्हा अंदमानातली बायको आणि मुलं घेऊन पंजाबात परतले. त्यांना लिहितं-वाचतं वर्तुळ होतं. शेतकऱ्याला ते नव्हतं.

इकडे गावातही काळ थांबलेला नसतो. वर्षातून एखादं पत्र, तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं आणि गावात दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. ते बंद पडलं आणि बारा वर्षं बातमी नाही म्हटल्यावर काही घरांत दर्भाचा पुतळा करून पालाशविधी उरकत. माणूस तिकडे जिवंत आणि इकडे त्याचं श्राद्ध. तुमच्या घरात श्राद्धाची तिथी कोणती पाळतात ते मोठ्या बायकांना विचारा. सर्वपित्री अमावास्येला घालत असतील तर मरणाची तिथी कळलेली नव्हती, एवढा धागा त्यातून मिळतो. नेमकी तिथी असेल तर बातमी आली होती, म्हणजे कुठेतरी कागदही असणार.

आता शोधायचं कसं. पहिली गोष्ट, आडनाव शोधू नका. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या कागदांत माणूस ‘बापू बिन कृष्णा’ किंवा ‘रामा वलद भिवा’ असा येतो, आणि इंग्रजी कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये त्याचीही ओळख पटत नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव आणि तालुका या चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत. नुसतं नाव जुळलं म्हणून आनंदात गावजेवण घालू नका, एका तालुक्यात चार बापू बिन कृष्णा असतात.

दुसरी गोष्ट, सुरुवात मुंबईत करा, अंदमानात नको. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. तिथे न्यायखात्याचे खंड सालवार आहेत. १८६६ ते १८७० चे खंड अनुक्रमणिकेवरून चाळा: सातारा सेशन्स, काळ्या पाण्याच्या कैद्यांची रवानगी, ठाणे तुरुंग, दयेचे अर्ज. अर्ज विशेष बघा, कारण आई किंवा बायकोच्या नावचा अर्ज सापडला तर घरची सगळी परिस्थिती त्यात येते. परमुलखात मेलेल्या कैद्यांच्या याद्याही दफ्तरात अधूनमधून सापडतात. मग दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, तिथे गृहखात्यातले पोर्ट ब्लेअरचे कागद. त्यांत तिकीट, लग्न, सुटका यांचे विषय येतात. १८७७ चा दिल्ली दरबार आणि १८८७ ची राणीची ज्युबिली या दोन प्रसंगी कैद्यांना सूट मिळाली होती, म्हणून त्या दोन सालांचे कागद मी नेहमी आधी मागवतो. तुमच्या खापरपणजोबांना १८८७ साली जवळजवळ वीस वर्षं भरत होती, तेव्हा त्यांच्या बाबतीत ते साल फारच महत्त्वाचं. पोर्ट ब्लेअरमधलं स्थानिक दफ्तर १९४२ ते ४५ च्या जपानी अंमलात बरंच नष्ट झालं. तिथे काही न मिळणं म्हणजे माणूस तिथे नव्हता असा अर्थ होत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की ते स्वातंत्र्यसैनिक ठरू शकतील का. खटल्याचे कागद आधी वाचा. बांधावरची मारामारी असेल तर ती बांधावरचीच मारामारी राहू द्या. सावकाराच्या वह्या, जप्ती, महसूल यांचा संबंध निघाला तर तेही कागदातूनच निघू द्या. ज्याच्या मरणासाठी ही शिक्षा झाली, त्या माणसाचंही घर त्याच गावात असेल आणि त्यांच्याकडेही ही गोष्ट सांगत असतील. जमल्यास त्यांच्याशी बोला. खटल्याचं साल त्यांना कदाचित तुमच्यापेक्षा नेमकं माहीत असेल.

तुम्ही गाव, तालुका, खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव आणि त्या काळातली एखादी घरातली ठळक घटना, म्हणजे मोठ्या मुलाचा जन्म किंवा जमिनीची वाटणी, कोणत्या सुमाराची ते कळवा. जमिनीचा जुना फेरफार असेल तर त्याची नक्कल काढा, त्यात ‘इसम काळ्या पाण्यावर’ असा शेरा मिळू शकतो. एवढं हाताशी आलं की कोणत्या सालाचा खंड आधी मागवायचा ते मी सांगेन.